स्वयंपाकघरातला मुलगा



संयोजकांनी मला एकच सूचना केली आहे: ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांनाही कळेल असे बोला. म्हणून थेट गोष्टीलाच हात घालतो.

गाव ऑक्सफर्ड, पण आपल्या नकाशातले नाही. इथे जॉर्डन नावाचे कॉलेज आहे. पदार्थविज्ञानाला इथे ‘प्रायोगिक ईश्वरशास्त्र’ म्हणतात. माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. त्याचे नाव डीमन. लहान मुलाचा डीमन घटकेत पतंग होतो, घटकेत मांजर. मूल वयात आले की त्याचे एकच रूप कायम होते.

या कॉलेजात एका रात्री लॉर्ड ॲस्रिएल हा संशोधक उत्तरेतून आणलेली छायाचित्रे पडद्यावर दाखवतो. कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेच्या जातीचाच कंदील समजा. एका चित्रात हात उंचावलेला माणूस आहे आणि त्याच्यावर वरून तेजाचे कण झरताहेत. शेजारच्या लहान मुलाकडे मात्र ते फिरकतही नाहीत. या कणांना नाव आहे ‘धूळ’. पुढच्या चित्रात ध्रुवीय प्रकाशाच्या आत एक शहर दिसते, दुसऱ्या जगातले. प्राध्यापक मंडळी हादरतात, आणि मोहिमेला पैसे मंजूर करतात. हे सारे कपाटात लपून एक मुलगी पाहत असते. ती लायरा. त्याच संध्याकाळी कॉलेजच्या प्रमुखाने ॲस्रिएलच्या मद्यात विष कालवलेले तिने पाहिले होते आणि वेळीच सावध करून त्याचा जीव वाचवला होता. एवढे लक्षात ठेवा.

फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही कादंबरी 1995 साली आली, 2000 पर्यंत तीन भाग पूर्ण झाले. ‘हिज डार्क मटेरिअल्स’ हे मालिकेचे नाव त्यांनी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मधून उचलले. त्यांच्या या जगात जॉन कॅल्व्हिन पोप झाला आणि पोपची गादी रोमहून जिनिव्हाला गेली. त्याच्यामागे पोपपद बरखास्त झाले आणि न्यायमंडळे, परिषदा, समित्या यांचे एक जाळे उरले: मॅजिस्टेरियम. दुसरी जगे आहेत असे गणित दोन ईश्वरशास्त्रज्ञांनी मांडले, तर त्यांची तोंडे बंद केली गेली. ‘धूळ’ प्रौढांवर का बसते आणि मुलांवर का नाही, याचे मॅजिस्टेरियमचे उत्तर तयार आहे: ती आदिम पापाची खूण. मग उपायही तयार. वयात येण्याआधीच मुलाला त्याच्या डीमनपासून कापून वेगळे करायचे. उत्तरेत बोल्वांगर येथे त्यासाठी एक स्वच्छ, नीटनेटके केंद्र आहे. तिथे परिचारिका आहेत आणि एक पाते आहे.

बाहेरच्या जगात वाद पेटायला एवढे पुरेसे होते. 2007 साली चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. 2008 मध्ये ग्रंथालयांतून हटवण्याची मागणी झालेल्या पुस्तकांच्या अमेरिकी यादीत ही मालिका दुसरी होती. याच्या उलटही घडले. इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स, 2004 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याशी जाहीर संवादाला बसले. शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या तासाला या पुस्तकांची चर्चा व्हावी, असे त्यांचे मत होते. मला त्या धर्मगुरूविषयी फार आदर वाटतो. बहिष्कार घालणाऱ्यांनी ॲस्रिएलला नायक धरले असावे. विल्यम्स यांनी पुस्तक वाचले होते.

ॲस्रिएल नायक नाही, याला कारण पहिल्या भागाचा शेवट. धर्मसत्तेने ॲस्रिएलला स्वालबार्डला चिलखती अस्वलांच्या पहाऱ्यात कैदेत ठेवले आहे. तिथेही त्याने प्रयोगशाळा थाटली आहे. लायरा बोल्वांगरमधून सुटून, बर्फ तुडवत, बापाला त्याची एक वस्तू द्यायची म्हणून त्याच्या दारात उभी राहते. हो, बापच तो तिचा. तिला पाहून हा निधड्या छातीचा माणूस भीतीने पांढरा पडतो. तुला मी बोलावले नव्हते, निघून जा, असे ओरडतो. तेवढ्यात तिच्यामागे उभा असलेला रॉजर त्याला दिसतो: जॉर्डन कॉलेजच्या स्वयंपाकघरात काम करणारा पोऱ्या, लायराचा जिवलग. आणि ॲस्रिएलचा चेहरा निवळतो. तो पाहुण्यांच्या आंघोळीची सोय करायला सांगतो.

हे पान मी अनेकदा वाचले आहे आणि दरवेळी इथे थांबावे लागते. दोन जगांमधला पडदा फाडायला प्रचंड शक्ती लागते, आणि मूल व डीमन तोडताना नेमकी तीच सुटते. ॲस्रिएलला एक मूल हवे होते. आपलीच मुलगी आली की काय म्हणून तो घाबरला. दुसऱ्याचे मूल दिसले तेव्हा प्रश्न मिटला. पहाटेआधी शिखरावर रॉजर मरतो, आकाश फाटते आणि संशोधक नव्या जगात चालत जातो. बोल्वांगरचे पाते धर्माच्या नावाने पडत होते, हे ज्ञानाच्या नावाने पडले. रॉजरच्या बाजूने पाहा, काय फरक आहे?

मला आवडतो तो संशोधक वेगळा आहे. मेरी मलोन, आपल्याच जगातल्या ऑक्सफर्डची पदार्थविज्ञानी, पूर्वाश्रमीची नन. श्रद्धा सोडली त्याची रुखरुख ती लपवत नाही. चाकांवर फिरणाऱ्या मुलेफा प्राण्यांमध्ये ती राहते, त्यांची भाषा शिकते, झाडाच्या रसाचे थरावर थर देऊन भिंग तयार करते, आणि त्यातून तिला ‘धूळ’ दिसते. त्यासाठी तिला कुणालाही कापावे लागत नाही.

ॲस्रिएल पुढे स्वर्गाविरुद्ध सैन्य उभारतो, शेवटी अथांग दरीत झोकून देतो. त्याचे शौर्य खरे आहे. पण मृतांच्या देशात रॉजरची माफी मागायला जाते ती लायरा, स्वतःच्या डीमनला किनाऱ्यावर सोडून, जिवंतपणी. ती रॉजरला शोधते. मग सगळ्या मृतांना बाहेर पडता यावे म्हणून तिचा मित्र विल जगांमधला पडदा छेदणाऱ्या आपल्या चाकूने एक वाट कापतो. त्या वाटेने सर्वांत आधी रॉजर बाहेर पडतो, हवेत विरघळतो, आणि विरघळताना हसतो.