माहेरी जाताना फाइल विसरू नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं, की लेक आईकडे येते. रीत चांगलीच आहे. आईजवळ चार दिवस विश्रांती मिळते. पण नागपुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना या रीतीतली एक फट मला वारंवार दिसली. आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

मी निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास एका पहिलटकरणीला जीपमधून आणलं. आठवा महिना चालू होता. वाटेत तिला दोनदा झटके आले होते. घरच्यांना वाटलं, मिरगी आहे. रक्तदाब मोजला तर १८०/१२०. तिची आई सांगत होती, "मॅडम, चार दिवसांपासून डोकं दुखत होतं. पायही सुजले होते. पण पहिलटकरणीचे पाय सुजायचेच, म्हणून आम्ही बाम लावून दिला."

ती वाचली, बाळ मात्र वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा गावाहून तपासणीचा कागद घेऊन आला. तो सासरी कपाटातच राहिला होता. त्यावर सहाव्या महिन्यातली नोंद होती, रक्तदाब १४०/९०. शेजारी लिहिलं होतं, 'आठ दिवसांनी पुन्हा मोजणे.' माहेरी येऊन तिला दीड महिना झाला होता आणि या काळात तिचा रक्तदाब कुणीही मोजला नव्हता.

या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे साधारण पाचवा महिना उलटल्यावर, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि बहुतेकदा लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. याचं मूळ वारेत असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. मग वारेतून आईच्या रक्तात अशी द्रव्यं उतरतात की तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांना इजा होते. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळ्यांना झळ पोहोचते. झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात.

हे कुणाच्या नजरेमुळे होत नाही, की सुनेनं काही चुकीचं खाल्लं म्हणूनही होत नाही. तेव्हा दोष कुणाला देऊ नका.

आता ती फट बघा. हा आजार पहिल्या खेपेला जास्त आढळतो आणि बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो. नेमक्या त्याच वेळी आपली मुलगी गाव बदलते, दवाखाना बदलते. शिवाय सुरुवातीला हा आजार दुखत नाही, खुपत नाही. तो कळतो फक्त रक्तदाबाच्या पट्ट्यानं आणि लघवीच्या तपासणीनं.

पुढे मात्र काही खुणा दिसतात. थांबत नाही असं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज. डोहाळजेवणात सहज चढलेला हिरवा चुडा आठ दिवसांत रुतू लागला, तर लक्ष द्या. पोटातल्या दुखण्याला पित्त समजून घरीच औषध देत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटके आले तर एका कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन करा.

उपचार आहेत, आणि ते महागडे नाहीत. झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त इंजेक्शन. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांवरच्या अभ्यासात दिसलं, की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची परीक्षा तर आपल्या नागपुरातच झाली. २०१५ ते २०१७ या काळात मेडिकल आणि डागा या दोन सरकारी रुग्णालयांत, रक्तदाब अतिशय वाढलेल्या ८९४ गर्भवतींना तीनपैकी एक साधी, तोंडानं घ्यायची गोळी देण्यात आली. तिन्ही गटांत शंभरातल्या पंचाहत्तरहून अधिक स्त्रियांचा रक्तदाब, दुसरा काही अपाय न होता, सहा तासांत आटोक्यात आला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. जिथे शिरेतून इंजेक्शन देण्याची सोय नाही, तिथल्या बायकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. अर्थात गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. पूर्वीच्या खेपेला हा त्रास झाला असेल, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. कमी मात्रेची ॲस्पिरिन काहींना उपयोगी पडते.

आजार मुळातून जातो तो वार पडल्यावरच. म्हणून कधीकधी आम्ही दिवस भरण्याआधी बाळंतपण करायला सांगतो. तेव्हा घाबरून घरी नेऊ नका. आणि बाळंत झाली म्हणजे सुटली, असंही समजू नका. नंतरच्या आठवड्यातही झटके येऊ शकतात. पुढच्या आयुष्यात अशा स्त्रीला रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी हवीच.

शेवटी एवढंच सांगते. सासूबाई, सुनेची पाठवणी कराल तेव्हा पिशवीत साडी-चोळीच्या वर तिची फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड ठेवा. आईनं लेक आल्यावर आठवड्याच्या आत आशाताईंना कळवावं आणि रक्तदाब मोजून घ्यावा. जावईबापूंनी फोन केला की जेवलीस का, या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : आज बीपी किती होतं?

त्या रात्री तो कागद तिच्याबरोबर माहेरी आला असता, तर ती वेळ आली नसती असं मला आजही वाटतं.