आधी स्पीकरला विचारा



काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलणं झालं, उद्या अर्थसंकल्प आहे, आणि या दोघांच्या मधल्या खुर्चीवर आज ॲम्प्लिफायर येऊन बसला आहे. संयोजकांच्या धाडसाला दाद द्यायला हवी. विषय त्यांनीच सुचवला : घरात नवे स्पीकर आले, आता त्यांना ॲम्प्लिफायर कोणता जोडायचा?

हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेकजण पहिल्याच वाक्यात विचारतात, ‘किती वॉटचा घेऊ?’ वॉटचा आकडा खोटा असतो असं मी म्हणणार नाही, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. त्याचं उत्तर तुमच्या स्पीकरच्या माहितीपत्रकात आणि तुमच्या खोलीत दडलेलं असतं.

तरी या आकड्याने आपल्याला किती नाचवलं आहे ते आठवा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले टू-इन-वन! पुढच्या बाजूला चकचकीत स्टिकर, हजार वॉट पीएमपीओ. पीक म्युझिक पॉवर आउटपुट असं त्याचं भारदस्त नाव, आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धत मात्र कुठलीच नाही. त्याच यंत्राच्या पाठीवर वीजवापराचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असे, तो वाचला की हजार वॉटची हवा निघून जायची. भिंतीतून जेवढी वीज येते त्याहून जास्त सतत बाहेर कशी पडेल? पाठीवरचा हा आकडाही काटेकोर नसतो, पण थाप ओळखायला पुरतो.

अमेरिकेत हा गोंधळ आपल्याआधी होऊन गेला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरची पॉवर जाहीर करायची तर किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि किती डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजातला बिघाड, धरून, हेही सांगावं लागेल. आजही माहितीपत्रकात ‘१०० वॉट’ दिसलं की पुढची बारीक ओळ वाचा. एकच चॅनल चालवून, फक्त १ किलोहर्ट्‌झला, १० टक्के डिस्टॉर्शन धरून मोजलेले १०० वॉट वेगळे. दोन्ही चॅनल चालवून, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, ८ ओहमवर स्वच्छ मोजलेले १०० वॉट वेगळे. नुसतं डिस्टॉर्शन एका टक्क्यावरून दहावर जाऊ दिलं तरी आकडा पाव हिश्शाने फुगतो.

आता स्पीकरकडे वळू. पहिला प्रश्न सेन्सिटिव्हिटीचा. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले, म्हणजे ८ ओहमवर बरोबर १ वॉट, तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो? दोन टोकं सांगतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात, बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेत ऐकण्यासाठी एलएस ३/५ए नावाचा फूटभर उंचीचा मॉनिटर स्पीकर तयार केला. माणसाचा आवाज तो इतका खरा देतो की जुन्या जोड्या अजून हौशी लोकांच्या हातून फिरतात. त्याची सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल. उलट पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली अमेरिकेत आणलेला, खोलीच्या कोपऱ्यात बसणारा हॉर्नचा क्लिप्शहॉर्न घ्या. कंपनी त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगते. वरवर फरक विसेक डेसिबलचा. पण ३ डेसिबल वाढवायचे तर पॉवर दुप्पट लागते, १० वाढवायचे तर दसपट. तेव्हा हा फरक शंभर पटीच्याही पलीकडचा झाला.

थोडं गणित करू या, त्याशिवाय या विषयात सगळी मतंच उरतात. तुम्ही स्पीकरपासून तीन मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल घटले असते. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, म्हणून सहाच धरा. स्पीकर दोन, त्यांचे तीन डेसिबल मिळवा. म्हणजे खुर्चीपर्यंत निव्वळ घट तीनची. आज बाजारात मिळणारा साधारण ८६ डेसिबलचा स्पीकर घेतला तर १ वॉटला खुर्चीत ८३ डेसिबल पोहोचतात. आपण घरात समाधानाने ऐकतो ते सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास, आणि त्याला लागतो वॉटचा जेमतेम सहावा हिस्सा! श्रोत्यांत कोणी तरी हसलं, हसण्यासारखंच आहे.

मग पन्नास-शंभर वॉट कशाला? कारण संगीत सरासरीवर चालत नाही. तानपुरा हलका झंकारत असतो, गायक षड्जावर स्थिरावलेला असतो आणि तबलजी समेवर थाप मारतो. त्या क्षणापुरता आवाज सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जातो. ७५ वरून ९५ गाठायचे तर ८३ च्या वर १२ डेसिबल, म्हणजे सोळा वॉट हवेत. तेही क्षणभरच, पण त्या क्षणी मिळाले पाहिजेत. हीच थाप एलएस ३/५ए वर ऐकायची तर पस्तीस-चाळीस वॉटची तजवीज लागते. क्लिप्शहॉर्नवर पाव वॉटही लागत नाही. आणि तुम्ही सरासरीच ८५ वर नेऊन ठेवली तर प्रत्येक आकडा दसपट करा. मग बीबीसीच्या त्या छोट्या पेटीला ॲम्प्लिफायर शोधू नका, दुसरा स्पीकर शोधा.

तबल्याच्या थापेला ॲम्प्लिफायर पुरा पडला नाही तर काय होतं? तो लाटेचे माथे छाटून टाकतो. याला क्लिपिंग म्हणतात. दुरुस्तीवाल्याकडे जळके ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, येतात ते बरेचदा लहान ॲम्प्लिफायरच्या घरचे असतात. पार्टीत व्हॉल्यूम पूर्ण फिरवलेला असतो, माथे छाटले जातात, खालचा भाग मात्र फुगतच राहतो, आणि एरवी वॉट-दोन वॉट बघणाऱ्या ट्विटरच्या नाजूक कॉइलमध्ये सतत कितीतरी पट वीज जाते. म्हणून ऐपतीत बसत असेल तर गणिताने येतील त्याच्या दुप्पट वॉट घ्या. मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जपून वाजवता येतो; लहान ॲम्प्लिफायरकडून मोठं काम करून घेताना दोघंही धोक्यात येतात.

दुसरा प्रश्न ओहमचा, आणि इथे माहितीपत्रकं सगळ्यात जास्त लपवाछपवी करतात. ‘८ ओहम’ हा ठोकळ आकडा आहे. प्रत्यक्ष इंपीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, सुरागणिक बदलतो. मंद्र सप्तकात कुठे तीस ओहमवर चढेल, जरा वर गेल्यावर चारवर उतरेल. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक म्हणतं की किमान इंपीडन्स सांगितलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमवाल्याने ६.४ च्या खाली उतरू नये. किती कंपन्या हे पाळतात, ते कोणत्याही जाणकार मासिकातले मोजमापाचे आलेख बघा म्हणजे कळेल. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट ओढला जातो, आणि तो पुरवायला ॲम्प्लिफायरच्या अंगात जाडजूड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर आणि रुंद हीटसिंक लागतात. दुकानात ॲम्प्लिफायर उचलून बघा म्हणतात ते उगाच नाही. क्लास डी नावाच्या रचनेच्या हलक्या यंत्रांना मात्र हा नियम लागू नाही, त्यांची कार्यक्षमताच नव्वद टक्क्यांच्या घरात असते.

यातली एक हातचलाखी सांगून ठेवतो. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर तो १ नाही, २ वॉट खातो. तरी जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल’. वॉटच्या हिशेबात त्यातले तीन वजा करा. ऐंशीच्या दशकात अपोजी कंपनीचा सिंटिला नावाचा रिबन स्पीकर तर १ ओहमवर होता. भलेभले ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे संरक्षणात जाऊन बंद पडत.

याच्या उलट बाजूला एनएडी ३०२० हा ॲम्प्लिफायर. १९७८ साली आलेला, एरिक एडवर्डसन यांनी आखलेला, कागदावर चॅनलला फक्त २० वॉटचा डबा. पण करंट द्यायला तो कचरत नसे, क्षणिक थापेला कागदावरच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त देई, आणि मर्यादा आली की सॉफ्ट क्लिपिंगमुळे माथे हळुवार वळवत असे. त्याने दुप्पट वॉटच्या डब्यांना लाजवलं.

आता तुम्ही विचाराल, वॉट पुरले, करंट पुरला, मग ॲम्प्लिफायर-ॲम्प्लिफायरमध्ये फरक उरतो का? यावर मित्र एकमेकांशी बोलायचे थांबले आहेत. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं : तुम्हाला हवा तो महागडा ॲम्प्लिफायर निवडा, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर ४८ तासांत त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा, कितीतरी पट किमतीचा निवडला. कार्व्हरने दोन्ही यंत्रांना एकच सिग्नल देऊन त्यांच्या आउटपुटमधला फरक तेवढा वेगळा काढला आणि आपल्या यंत्रात बदल करत तो नाहीसा होईपर्यंत घासत आणला. शेवटी संपादकांच्या कसलेल्या कानांनाही दोन वेगळे करता आले नाहीत.

या प्रसंगातून लोक भलताच अर्थ काढतात, की सगळे ॲम्प्लिफायर सारखेच. सारखे असते तर कार्व्हरला काही बदलावं लागलं नसतं. जे बदलावं लागलं त्यात एक मोठी गोष्ट आउटपुट इंपीडन्स, म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आतला रोध. समजा व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा तो २ ओहम आहे आणि तुमचा स्पीकर एका सुराला ४, दुसऱ्याला २० ओहम दाखवतो. मग त्या दोन सुरांच्या आवाजाच्या पातळीत जवळपास पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो. तो कुणालाही ऐकू येईल, आणि कुणाला तो ‘ऊबदार’ वाटेल. तोच ॲम्प्लिफायर शेजाऱ्याच्या स्पीकरवर वेगळा वाजेल. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या यंत्रात हा आकडा ओहमच्या शंभराव्या भागांत असतो, म्हणून तिथे स्पीकर जसा आहे तसाच ऐकू येतो. मी स्वतः दुसऱ्या पंथातला आहे. मला स्पीकरची निवड एकदाच करायला आवडते.

डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरचे ओहम भागिले हा आउटपुट इंपीडन्स, ५०० की १०००, यावर मात्र झोप घालवू नका. दीड चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर जोडली की तिच्याच रोधाने ५०० चा आकडा साठच्या आसपास येतो, आणि साठही भरपूर झाले, कारण स्पीकरच्या कॉइलचा स्वतःचा सहाएक ओहमचा रोध मध्ये उभाच असतो. घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या आणि उरलेल्या पैशांची गाणी घ्या.

शेवटी दुकानात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली आपली तपकीर गल्ली, विक्रेता दोन डबे आलटून पालटून वाजवून दाखवेल, आणि ज्याचा आवाज तसूभर मोठा तोच तुम्हाला ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटेल. आपला कान असाच घडलेला आहे. म्हणून खिशात साधा मल्टीमीटर ठेवा. फोनवर १०० हर्ट्‌झचा टोन लावा, कारण स्वस्त मीटर त्याच्या वर फार गेलं की चुकतात. स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि दुसऱ्या डब्याचा व्हॉल्यूम फिरवून तोच आकडा आणा, एका टक्क्याच्या आत. मग डोळे मिटा आणि कोणता डबा चालू आहे ते सोबत आलेल्याला ठरवू द्या. विक्रेता तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. एका ओळखीच्या विक्रेत्याने बघता बघता स्वतःचाच मल्टीमीटर काढला, आणि आता तो गिऱ्हाइकांना आधी टर्मिनलवर मोजून दाखवतो.