खेड्यातला संपादक



 तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्या ओतूर गावी आहे. याच गावच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक समाजाच्या रीतीने, ब्राह्मण पुरोहिताशिवाय घरचे लग्न लावले आणि दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून ग्रामजोशी कोर्टात गेले. अशा गावात साहित्याचा मांडव पडला, की सत्यशोधक लेखकांचे नाव आधी घ्यावे लागते.

१ जानेवारी १८७७ रोजी सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र सुरू केले. पत्र पैशाअभावी थांबले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. भालेकरांची लेखणी मात्र थांबली नाही. त्यांची ‘बळीबा पाटील’ ही कादंबरी १८८८ साली क्रमशः छापली गेली. मराठी ग्रामीण कादंबरीची सुरुवात अनेक अभ्यासक तिथूनच धरतात.

त्यांचे चिरंजीव मुकुंदराव नेवासे तालुक्यातल्या तरवडीच्या पाटलांकडे दत्तक गेले. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक काढले आणि पुढे ते तरवडीसारख्या खेड्यातून चालवले, तेही १९६७ साली देह ठेवीपर्यंत! ‘कुलकर्णी लीलामृत’ आणि ‘शेटजीप्रताप’ त्यांनी ओवीत रचले. यात मोठी जाण होती. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पोथी ऐकायची सवय होती. एकाने वाचायचे, पारावर बसलेल्यांनी ऐकायचे. वतनदाराची आणि सावकाराची लबाडी अशी थेट कुळाच्या कानी गेली.

मित्रहो, आपल्या जुन्नर-आंबेगावात लिहिणाऱ्यांची वाण नाही. आदिवासी पट्ट्यातली मुले लिहितात, डिंभे धरणात गाव गेलेली माणसे लिहितात, कांदा-टोमॅटोचे भाव सोसणारे शेतकरी लिहितात. वाण आहे ती संपादकाची: लेखन मागून घेणाऱ्याची, तपासणाऱ्याची, अंक वेळेवर काढून वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्याची. मुकुंदरावांनी हे काम शहराची वाट न पाहता केले. संमेलनाच्या या दोन दिवसांत आपल्यातून असे चार संपादक पुढे यावेत आणि उरलेल्यांनी त्यांचे वर्गणीदार व्हावे, एवढेच मागणे आहे.

जेवणाखाण्यात, मुक्कामात काही कमी पडले तर हक्काने सांगा. संमेलनाध्यक्षांना पुढील सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.