दहा घरचा पाहुणा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. या घरच्यांना वाटतं, तो तिकडे जेवला असेल; त्या घरच्यांना वाटतं, इकडे. पुण्यात येणाऱ्या पर्यटकाची गत काहीशी अशीच आहे. फक्त त्याचे यजमान दोन नाहीत, आठ-दहा आहेत.

शनिवारवाडाच घ्या. दिल्ली दरवाजाच्या आतली वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. समोरचं पटांगण महापालिकेचं. रस्त्यावरची वाहतूक पोलिसांची, ‘पुणे दर्शन’ची बस पीएमपीएमएलची आणि पाहुण्यांना बोलवायचं काम पर्यटन खात्याचं. पाहुण्याला या हद्दी दिसत नाहीत. गाडी कुठे लावायची, स्वच्छतागृह कुठे आहे आणि १८२८ च्या आगीपूर्वी हा वाडा कसा होता, एवढंच त्याला विचारायचं असतं.

शहरात अशानं गैरसोय होते. शहराबाहेर गोष्ट अधिक अवघड होते. सिंहगड हे राज्य पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक. घाटात वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतलं जातं ते वन विभागाच्या व्यवस्थेतून. मे २०२२ मध्ये गडावर खासगी वाहनं बंद करून पायथ्यापासून पीएमपीएमएलच्या इलेक्ट्रिक बस सुरू झाल्या. कल्पना उत्तम होती. पण बस अपुऱ्या, रांगा लांब आणि घाट अरुंद. काही दिवसांतच प्रयोग थांबवावा लागला. रविवारी माणसं किती येतात, त्यांना वर न्यायला बस किती लागतील आणि तोवर ती थांबतील कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर आधी यायला हवीत. हेतू चांगला असला, तरी हा हिशेब चुकवून चालत नाही.

हिशेब चुकला की नुसती गैरसोय होऊन भागत नाही. १५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे गर्दी होते, हे काय नव्यानं कळायचं होतं? फलक लावणं एकाचं काम, गर्दी अडवणं दुसऱ्याचं आणि नवा पूल बांधणं तिसऱ्याचं. प्रत्येकानं आपापल्या फायलीत आपलं काम केलं, तरी नदीकाठी माणूस एकटाच उरतो.

मग हे जमतच नाही का? साताऱ्याजवळचं कास पठार पाहा. पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या हंगामात गर्दी उसळली. तिथे वन विभाग आणि आसपासच्या गावांची समिती मिळून व्यवस्था पाहू लागली. दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरवली, ऑनलाइन नोंदणी आणली, गाड्या पठारापासून दूर थांबवल्या. गावातल्या तरुणांना काम मिळालं. तक्रारी तिथेही असतात. पण बोलायचं कोणाशी, हे तरी कळतं.

आपल्या जिल्ह्याला आता हे शिकावंच लागेल. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. पहिले दोन केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड राज्याकडे. भोवतीचं जंगल वन विभागाचं, पायथ्याची गावं ग्रामपंचायतींची. मानाबरोबर गर्दीही येणार.

त्यासाठी आणखी एखादं प्राधिकरण नको. आहेत त्याच खात्यांनी, गावकऱ्यांनी आणि गिर्यारोहण संस्थांनी हंगामापूर्वी एका टेबलाशी बसावं. गर्दीची मर्यादा आणि ती गाठल्यावर वाट बंद करायचा अधिकार कोणाचा, हे ठरवावं. गोळा झालेल्या शुल्काचा जमाखर्च नाक्यावरच लावावा. त्यातला वाटा पायथ्याच्या गावाच्या पाण्यावर आणि कचऱ्यावर खर्च व्हावा. कचरा उचलणाऱ्या गावाला पैशात वाटा नसेल, तर ते गाव किती दिवस पाहुणचार करील?

पुणेकरांना एकत्र बसता येत नाही, असं कोणी म्हणू नये. गणेशोत्सवापूर्वी पोलिस, महापालिका आणि मंडळं दरवर्षी बसतात, वाद घालतात, पुन्हा बसतात. मार्ग ठरतात, विसर्जनाची सोय होते, रुग्णवाहिका कुठून जाईल तेही ठरतं. दहा दिवसांसाठी जे जमतं, ते वर्षातल्या बावन्न रविवारांसाठी जमवायचं आहे.

सुरुवात लहान करावी. प्रत्येक गडाच्या पायथ्याशी एक पाटी लावावी: आज इथली जबाबदारी कोणाची, त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर. सगळ्या खात्यांनी मिळून एक नाव ठरवलं, की पुढची बरीच कामं आपोआप मार्गी लागतील.