तू कामगार कशावरून?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



माझी आय एका कंपनीत कंत्राटावर झाडू मारायची. पगार किमान वेतनाहून कमी, आणि शेवटचे पाच महिने तर तोही नाही. कंत्राटदार म्हणायचा, "मावशी, पुढच्या पगाराला एकदम देतो." शेवटी आम्ही दावा लावला. मला वाटलं, कोर्टात विचारतील, किती बुडवले? तर त्याची कैफियत आली : ही बाई आमच्याकडं कधी कामालाच नव्हती.

म्हंजे पैशाचा सवाल राहिला बाजूला. आधी बाईनं सिद्ध करायचं, की ती होती! मस्टर त्याच्याकडं, पगारपत्रक त्याच्याकडं. अंगठा आयचा, पण कागद त्याचा. सात मजल्यांचे संडास तिला ओळखतात, पण संडास साक्ष देत नाहीत.

हा डाव एकट्या आयवरचा नाही. मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांना कागदावर 'स्वयंसेवक' केलं, पगाराला 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघानं झगडून २७०० जणांना कायम करण्याचा हुकूम २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणातून मिळवला. सुप्रीम कोर्टानं तो २०१७ साली उचलून धरला. तरी यादीतलं नाव कागदपत्रांशी जुळत नाही म्हणून कितीतरी जणांना लटकवलं. अरे, ती नावं चुकीची लिहिली कुणी? झाडूवाल्यानं?

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचं बिल केंद्रीय असेंब्लीत मांडलं. कायदा १९४८ ला झाला. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनाहून कमी देणं ही वेठबिगारीच, घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग. आपल्या आज्यांना हा शब्द कोर्टानं शिकवायची गरज नव्हती. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पगार दिला हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. झकास! पण 'ही माझी कामगारच नाही' असं तो म्हणाला, की पहिली लढाई पुन्हा आपल्याच डोक्यावर.

आयला वाचता येत नाही. पण तिनं एकही गेटपास फेकला नव्हता. पिठाच्या डब्याखाली रबर लावून गठ्ठा ठेवलेला. उलटतपासणीत वकिलानं विचारलं, हे कशाला जपले? आय म्हणाली, "साहेब, तुम्ही लोक विसरता म्हणून."

चार वर्षांनी निकाल आमच्या बाजूनं लागला. वसुलीचा दाखला कलेक्टरकडं गेला, तोवर कंत्राटदारानं फर्मचं नाव बदललं. वसुली अजून चालूच आहे, मी तारखा घेतोय.

ज्यांच्या घरी पगार बुडालाय त्यांनी येत्या रविवारी विहारात या. येताना गेटपास, मुकादमाच्या चिठ्ठ्या, पासबुक, मोबाईलवरचे मेसेज, जे असेल ते घेऊन या. सोबत काम करणाऱ्या एकाला तरी आणा, साक्षीला लागेल. अर्ज लिहायला मी बसतो.