कॉन्स्टँटिनोपलचे पतन : १४५३ की १२०४?



२९ मे १४५३ रोजी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, हे आपण शाळेत वाचलेले असते. प्रचंड तोफ, एकवीस वर्षांचा सुलतान महंमद, ढासळलेला तट... चित्र मोठे नाट्यमय आहे. परंतु माझे मत असे की, हे साम्राज्य त्यापूर्वी अडीचशे वर्षे, १२०४ सालीच मोडले होते; आणि ते मोडणारे हात ख्रिस्ती होते.

३३० साली सम्राट कॉन्स्टंटाईनने बॉस्फोरसच्या काठी आपली नवी राजधानी केली. पश्चिमेकडील साम्राज्य ४७६ मध्ये लयास गेले, पूर्वेकडील टिकले. 'बायझंटाईन' हे नाव पुढील काळातील विद्वानांनी दिलेले. ते लोक स्वतःला अखेरपर्यंत रोमनच म्हणवीत. जस्टिनियनने रोमन कायद्याची संहिता सिद्ध केली, ५३७ मध्ये हागिया सोफियाचे भव्य मंदिर उभारले. ७१७-१८ चा अरबांचा वेढा या नगराने परतविला. १०२५ साली सम्राट दुसरा बेसिल वारला, तेव्हा राज्याची सीमा डॅन्यूबपासून आर्मेनियापर्यंत होती आणि खजिना भरलेला होता.

त्यानंतर पन्नास वर्षेही गेली नाहीत. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या रणांगणावर सम्राट रोमानस सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानच्या हाती सापडला. सुलतानाने खंडणी ठरवून त्याला सोडले. पण राजधानीतील प्रतिस्पर्ध्यांनी त्याला पदच्युत केले होते. पुढे त्यांनी त्याचे डोळे काढले आणि त्या जखमांनीच तो मेला. भाऊबंदकी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही!

दुसरी गोष्ट रणांगणापेक्षा बाजारात घडली. नॉर्मनांविरुद्ध आरमार हवे म्हणून सम्राट अलेक्सियसने १०८२ च्या सुमारास व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. देशी व्यापारी दहा टक्के भरणार, परकीय काहीच नाही! सम्राटापुढे तेव्हा दुसरा मार्ग फारसा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ही सवलत पुढे परत घेता आली नाही.

आता १२०४ कडे येऊ. ११९५ मध्ये सम्राट आयझॅकला त्याच्या सख्ख्या भावाने आंधळे करून बंदीत टाकले. आयझॅकचा पुत्र पश्चिमेकडे मदत मागावयास गेला. त्याने दोन लाख चांदीचे मार्क देऊ केले आणि आपले चर्च रोमच्या पोपच्या अधीन करण्याचे वचनही दिले. जेरुसलेमच्या नावाने निघालेली चौथ्या धर्मयुद्धाची सेना व्हेनिसच्या गलबतांतून कॉन्स्टँटिनोपलला आली. १२०३ मध्ये राजपुत्राला सिंहासन मिळाले, पण कबूल केलेली रक्कम भरता येईना. काही महिन्यांतच राजवाड्यातील बंडात त्याचा गळा आवळला गेला. एप्रिल १२०४ मध्ये क्रॉसधारी सैनिक तट चढून आत शिरले. तीन दिवस लूट चालली. हागिया सोफियाची वेदी फोडून वाटून घेतली गेली. कांस्याचे चार घोडे व्हेनिसला गेले, ते आजही तेथेच आहेत. ज्या तटाने अरब अडविले, त्याच्या आत पहिला विजयी परकीय शिरला तो सहधर्मी!

१२६१ मध्ये ग्रीकांनी राजधानी परत मिळविली, परंतु काटकसरीसाठी १२८५ मध्ये आरमारच मोडीत काढले. मग चौदाव्या शतकातील इतिहासकार ग्रेगोरास लिहितो की, समोरच्या गलाटा वसाहतीत जिनोआवाल्यांना दोन लाख नाण्यांची जकात मिळते आणि राजधानीला जेमतेम तीस हजारांची. राजमुकुटातील रत्ने व्हेनिसकडे गहाण पडली होती. १३४७ च्या राज्याभिषेकात काचेचे खडे मिरवावे लागले. आपसांतील यादवीत त्याच सम्राटाने आपली कन्या उस्मानी सुलतान ओरहानला दिली होती, ती त्याच्या फौजेच्या मदतीसाठीच.

१४५३ मधील ती तोफ ओतणारा अर्बन हा हंगेरियन ख्रिस्ती कारागीर होता. तो प्रथम आला होता सम्राट अकराव्या कॉन्स्टंटाईनकडे. त्याला वेतन देणे सम्राटाला जमले नाही, तेव्हा तो सुलतानाकडे गेला. वेढ्याच्या आरंभी सम्राटाने शस्त्र धरू शकणाऱ्या नगरवासीयांची गणना करविली. स्फ्रांट्झेस या विश्वासू अधिकाऱ्याने आकडा आणला : पाच हजारांना थोडे कमी. सम्राटाने तो गुप्त ठेवण्यास सांगितले आणि स्वतः तटावर गेला. २९ मे च्या पहाटे तो तेथेच लढता लढता पडला.