कोर्टाचा कागद आला, तर आधी शिक्का बघा

आमच्या गटातल्या एका ताईंनी कोर्टाचं समन्स चार महिने देव्हाऱ्यामागं दडवून ठेवलं. घरात सांगायची भीती! तारखा गेल्या, निकाल एकतर्फी लागला. तेव्हापासून आम्ही ठरवलंय, कागद लपवायचा नाही. कोणत्या कचेरीचा शिक्का आहे ते आधी बघायचं.

उसन्या पैशांच्या वसुलीचा साधा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. माणचा दहिवडीला, जतचा जतला. रक्कम मोठी असली तर वरिष्ठ स्तर न्यायालयात. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत आपलं लेखी म्हणणं द्यायचं.

चेक वटला नाही तर मामला फौजदारी, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं. आधी नोटीस येते. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे भरले तर खटला टळतो. नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून सही केलेला कोरा चेक कुणाला देऊ नका.

पतसंस्था बहुधा कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला मागते. त्या सुनावणीलाही पावत्या घेऊन हजर राहा. राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेची थकबाकी २० लाखांच्या वर असेल, तर प्रकरण पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं. आणि सावकार? २०१४ च्या कायद्यानं बिनपरवाना सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. त्यानं जमीन बळकावली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा.

वसुलीवाला दारात येऊन ‘आत टाकीन’ म्हणतो. घाबरू नका. पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये लिहिलंय. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे, मंगळसूत्र यांवर जप्ती येत नाही.

वकिलाला पैसे नाहीत? बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्टातच तालुका विधी सेवा समितीत विचारा, नाहीतर १५१०० वर फोन करा. लोकअदालतीत तडजोडही होते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

आमच्या ताईंनी मोफत वकील घेऊन एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज केलाय. तो ३० दिवसांत करायचा असतो. उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं. तारखेला आम्ही दोघी-तिघी त्यांच्यासोबत जाणार आहोत. तुमच्या गटातही कुणाचा कागद दडलाय का, या बैठकीत विचारा.